टोपली थोडी वर

नेरच्या स्टँडसमोर, पिठाच्या गिरणीला लागून दुकान.
अल्बम मी जोडते.
सोळा वर्षं लोकांची लग्नं या टेबलावरून गेली,
जेवले एकाही लग्नात नाही,
पण कोणाच्या लग्नात कोणता डोळा हुकला
ते पाठ आहे मला.

बाकावर अंबादास गुल्हाने आणि रऊफभाई.
पैसे दोघांचे मिळून, एकाच कॅमेऱ्यापुरते.
फुल फ्रेम घ्यायचा, इथवर एकमत.
पुढं दोन चहा झाले, तिसरा सांगितला.

अंबादास म्हणतो, पाय बे रऊफ,
आपल्या डब्यात फोकसचे ठिपके सारे मधात,
गोवऱ्या रचल्यावानी एका जागी.
नवरी थोडी सरकली का गेली कामातून.
मले पुरी फ्रेम पाहिजे. निंदणाऱ्या बाया
पात धरतेत ना, तशी,
या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत.

रऊफभाई बशीत ओततो, फुंकर मारतो.
ठिपके काय चाटतं?
मले फिरणारी स्क्रीन पाहिजे,
कवाडावानी बाहेर उघडणारी.
माहे गुडघे गेले, अंबादास.
वरातीत हात वर करून मारलेले अर्धे फोटो
मंडपाच्या झालरीचे हायेत.

बिजागरी तुटते तिची.
कवाडाची नाही तुटत?
म्हणून काय घराले नुसती भिंतच ठेवतं?

मी मधात पडत नाही. कात्री चालवते.
काठ मीच कापते ना, पानाच्या मापात बसावं म्हणून:
पंगतीत वाढणारा,
लाइटचा दांडा धरून पेंगलेला पोरगा,
नवरदेवाच्या काकाचा अर्धा कान.
काठावरचे आधीच धूसर असायचे,
हात कधी अडला नाही.

शेवटी अमरावतीहून दोन्ही आणले, भाड्यानं, एका दिवसासाठी.
दिवस शंकरपटाचा.
दानीच्या दोन्ही अंगांनी माणसं,
बाभळीवर माणसं, ट्रॅक्टरच्या टपावर माणसं,
आणि जोडी सुटली की सगळ्यांचा मिळून एकच घसा.

रऊफभाई पोटावर पडला, स्क्रीन उघडून.
उन्हानं तिचा आरसा केला:
त्याला दिसली त्याचीच दाढी, वर आभाळ.
तो अंदाजानं दाबत गेला.
मग कोणाचा तरी बूट. मग बिजागरी.

अंबादास हसला. शेवटच्या खांबावर
कॅमेरा रोखून उभा होता तो, आणि हसला.
संध्याकाळपर्यंत पुरलं ते हसू.

कार्ड माझ्याकडे आले.
जिंकलेली जोडी, अकरा फोटो,
आणि अकराही वेळा कॅमेऱ्यानं बैल सोडून
डाव्या कोपऱ्यातला एक डोळा धरलेला.
माणसाचा डोळा शोधतो म्हणे तो, तेच बटण चालू राहिलं.
गूळपट्टी विकणारी बाई.
पापणीवरची धूळ मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.
तिच्यामागं जोडी:
मातकट रंगाचा एक फराटा.

रऊफभाईचा एक लागला होता, कसा कोण जाणे.
आठ खूर, एकही जमिनीवर नाही.
जोडीच्या मालकानं तोच घेतला,
बिजागरीचे पैसेही त्यातूनच निघाले,
आणि जाताना अंबादासला विचारलं,
आमचे बैल कुठी गेल्ते, भाऊ?

मी कात्री उचलली. डावा काठ, दीड इंच.
ठेवली परत.
कोणी सांगितलं नव्हतं, तरी मोठी प्रिंट काढली.

बाजाराच्या दिवशी गिरजाबाईला नेऊन दिली.
पदराला हात पुसून तिनं धरली, कडेकडेनं.
एवढी मोठी मीच काय? अन् जोडी?
मागं आहे, मावशी. तो फराटा.
फराट्यावर बोट ठेवलं तिनं,
जरा वेळ राहू दिलं.
मग म्हणाली, टोपली नाही दिसून राह्यली पण.
थोडी वर धरली असती मी,
सांगाले नाही काय पाहिजे?